वळीव पडला की फाईल सर्व्हर उठेना: ग्लस्टरडी सुरू न होण्याची कारणं आणि इलाज

एप्रिल-मे महिन्यात कोल्हापुरात दुपारी चारनंतर आभाळ भरून आलं की लोक दोरीवरचे कपडे काढायला धावतात, मी सर्व्हरच्या खोलीकडे धावतो. वारं सुटतं, कुठंतरी फांदी तारेवर पडते, लाईट जाते. दहा मिनिटांनी येते, दोन मिनिटांत परत जाते, परत येते. शेवटी एकदाची टिकली की उद्यमनगरातल्या आमच्या ऑफिसात कुणीतरी हाक मारतोच, "दादा, ड्रॉइंग उघडंना झालंय."

फाउंड्रीवाल्यांना पॅटर्नची आणि मशीनिंगची ड्रॉइंग करून द्यायची, हा आमचा धंदा. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली गिऱ्हाइकं. पंधरा-सोळा वर्षांची ड्रॉइंग, थ्रीडी मॉडेल, तपासणीचे स्कॅन, सगळं तीन टॉवर मशीनवर आहे. मशीनांची नावं रंकाळा, पन्हाळा आणि जोतिबा. प्रत्येकात ओएससाठी १२० जीबीची एसएसडी आणि डेटासाठी ४ टीबीची डिस्क. त्यावर ग्लस्टरएफएसचा (अनेक मशीनच्या डिस्क जोडून एकच फाईलसाठा करणारं सॉफ्टवेअर) रेप्लिका-३ व्हॉल्यूम, म्हणजे तो सामायिक साठा, नाव 'नकाशा'. प्रत्येक फाईल तिन्ही मशीनवर असते. रंकाळ्यावर तो व्हॉल्यूम माउंट करून सांबामार्फत (नेटवर्कवर फोल्डर शेअर करणारं सॉफ्टवेअर) ऑफिसच्या पीसींना दिलाय.

दोन उन्हाळे मी एकच करत आलो. लाईट आली, ड्रॉइंग उघडेना, मग रंकाळ्यावर जाऊन ग्लस्टरडी, म्हणजे ग्लस्टरचा कारभार बघणारी बॅकग्राउंडची सर्व्हिस, हाताने स्टार्ट करायची. ती मुकाट्याने चालू व्हायची. लोक कामाला लागायचे, मी चहाला. तिसऱ्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी ती हाताने पण उठेना, तेव्हा बूड टेकून बसावं लागलं. बसल्यावर कळलं की मी ज्याला एक बिघाड समजत होतो ते तीन वेगळे बिघाड आहेत आणि तिन्ही एकाच घटनेतून जन्माला येतात. ते सगळं इथे मांडतोय. कमांडी आणि फाईलची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलीत, टर्मिनलवर अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

आधी मालकांना शांत करा

सर्व्हर बंद पडल्यावर मालकांचा पहिला प्रश्न असतो, "डेटा गेला काय?" याचं उत्तर ग्लस्टरच्या बाबतीत लगेच देता येतं. ग्लस्टरमध्ये कुठली फाईल कुठं आहे याची वही सांभाळणारा वेगळा सर्व्हर नसतो. फाईलच्या नावावरून हॅश, म्हणजे ठरावीक गणिताने येणारा एक आकडा, काढून जागा ठरते आणि तिथे ती फाईल साध्या फाईलसारखीच पडलेली असते. हडूपच्या एचडीएफएस या दुसऱ्या फाईलसाठ्यात नेमनोडची, म्हणजे अशी वही सांभाळणाऱ्या सर्व्हरची, माहिती गेली तर डिस्कवर नुसते निनावी ब्लॉक उरतात. तशी गत इथे होत नाही. ग्लस्टरडी मेलेली असली तरी ब्रिकच्या, म्हणजे प्रत्येक मशीनच्या डेटा डिस्कवर ग्लस्टरला दिलेल्या, फोल्डरमध्ये जाऊन एलएस मारा, सगळी ड्रॉइंग नावासकट दिसतील.

त्या संध्याकाळी शिरोलीच्या एका फाउंड्रीचा माणूस पंप केसिंगच्या ड्रॉइंगसाठी दारात उभा होता. त्यांचा साचेवाला थांबलेला. मी ब्रिकमधून ती एक फाईल पेन ड्राइव्हवर काढून त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, "मग बंद काय हाय?" बरोबर प्रश्न होता.

इथे दोन पथ्यं. ब्रिकमधून फक्त वाचायचं, तिथे थेट काही लिहायचं नाही आणि पुसायचं तर अजिबात नाही. ब्रिकमधलं ते ठिपक्याने सुरू होणारं ग्लस्टरएफएस नावाचं लपलेलं फोल्डर जागा खातंय म्हणून उडवणारा एक महाभाग मला माहीत आहे, त्याची कथा परत कधीतरी. दुसरं म्हणजे व्हॉल्यूमवर शार्डिंग चालू असेल किंवा तो डिस्पर्स प्रकारचा असेल तर ब्रिकवर फाईलचे तुकडे असतात, अख्खी फाईल नसते. साध्या रेप्लिकात ही अडचण येत नाही.

लॉग शेवटून वाचू नका

सिस्टमसीटीएल स्टेटस ग्लस्टरडी मारलं की एवढंच कळतं की सर्व्हिस फेल झाली. खरी कथा असते /व्हार/लॉग/ग्लस्टरएफएस/ग्लस्टरडी.लॉग मध्ये. बरीच जुनी व्हर्जनं याच फाईलला ईटीसी-ग्लस्टरएफएस-ग्लस्टरडी.व्हॉल.लॉग असं लांबलचक नाव देतात.

यात मी दोनदा फसलो. एकदा वेळेवरून. लाईट गेली होती संध्याकाळी ५.४० ला, आणि लॉगमध्ये त्या वेळच्या ओळीच नाहीत! मला वाटलं लॉगच लिहिला गेला नाही. अर्धा तास डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की ग्लस्टरचा लॉग यूटीसीत असतो. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे. ५.४० ची ओळ १२.१० ला सापडली.

दुसऱ्यांदा फसलो ते शेवटच्या ओळीवरून. ग्लस्टरडी मरताना शेवटी जे लिहिते त्याचा अर्थ साधारण असा: 'मॅनेजमेंट नावाचा व्हॉल्यूम सुरू होऊ शकला नाही, तुमची व्हॉलफाईल पुन्हा तपासा.' ही ओळ वाचून माणूस /ईटीसी/ग्लस्टरएफएस/ग्लस्टरडी.व्हॉल उघडतो आणि त्यात काड्या करायला लागतो. मीही केल्या. त्या फाईलचा काडीचाही संबंध नव्हता. ग्लस्टरडी कुठल्याही कारणाने सुरू होऊ शकली नाही की जाता जाता हेच बोलते. ताप कशानेही आला तरी अंग गरमच लागतं, तशातला प्रकार.

म्हणून त्या ओळीपासून वर सरकत जायचं. प्रत्येक ओळीत वेळेनंतर एक अक्षर असतं. आय म्हणजे माहिती, डब्ल्यू म्हणजे इशारा, ई म्हणजे एरर. या वेळच्या स्टार्टमधली पहिली ई शोधायची. आमच्याकडे ती अशी होती:

ई ... ० - मॅनेजमेंट: रिझॉल्व्ह ब्रिक फेल्ड इन रिस्टोअर

लॉगचा गुंता फार वाटला तर सर्व्हिस थांबवून ग्लस्टरडी --डीबग असं चालवा. ती बॅकग्राउंडला न जाता समोरच चालते आणि मनातलं सगळं स्क्रीनवर बडबडते. मात्र आधी एसएस -एलटीएनपी मारून २४००७ पोर्टवर जुनी प्रोसेस बसलेली नाही ना ते बघा. तसं असेल तर 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' असा चौथाच एरर येईल आणि तुम्ही त्याच्या मागे लागाल.

दुसऱ्यांदा स्टार्ट केलं की चालतं? हाच पुरावा

ग्लस्टरडी सुरू होताना /व्हार/लिब/ग्लस्टरडी मधली आपली सगळी दप्तरं उघडते. सोबती कोण, व्हॉल्यूम कुठले, त्यांच्या ब्रिका कुठल्या मशीनवर, हे वाचते. मग प्रत्येक ब्रिकसमोर लिहिलेलं मशीनचं नाव कुणाचं आहे हे ठरवायला बसते: माझं स्वतःचं की सोबत्याचं? एका जरी ब्रिकचा मालक ठरला नाही तरी ती पूर्ण माघार घेते. थोडं चालवून बघू असा प्रकार नाही. सगळं जमलं तरच सुरू.

आता आमच्याकडे लाईट आल्यावर काय होत होतं बघा. नावं सोडवायचं काम ऑफिसच्या राउटरकडे. राउटर पूर्ण जागा व्हायला तीन मिनिटं घेतो. एसएसडीवरची लिनक्स मशीनं पाऊण मिनिटात उभी राहतात. ग्लस्टरडी विचारते, 'रंकाळा म्हणजे कोण?' उत्तर द्यायला कुणी जागाच नाही. आयपीसुद्धा राउटरकडूनच मिळणार, म्हणजे रंकाळ्याला स्वतःचंच नाव ओळखता येत नाही. ती मरते. चार मिनिटांनी मी जाऊन हाताने स्टार्ट करतो तोवर राउटर उठलेला असतो, त्यामुळे ती लगेच चालते. दोन वर्षं मी याला 'जुनं मशीन आहे, चालायचंच' म्हणत होतो. खरं तर काहीही न बदलता दुसऱ्यांदा चालतंय म्हटल्यावर फाईल, डिस्क, कॉन्फिग सगळं निर्दोष आहे आणि दोष वेळेत आहे, हे तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

इलाज सोपा निघाला. तिन्ही मशीनना पक्के आयपी दिले. तिन्ही मशीनच्या /ईटीसी/होस्ट्स फाईलमध्ये तिन्ही नावं लिहिली. स्वतःचं नावसुद्धा, आणि तेही १२७ वाल्या पत्त्यावर न लिहिता खऱ्या आयपीवर. डेबियन-उबुंटूमध्ये इन्स्टॉलर स्वतःच्या नावापुढे १२७.०.१.१ टाकून ठेवतो, तो काढायचा.

मग सिस्टमसीटीएल एडिट ग्लस्टरडी ने वेगळ्या तुकड्यात या ओळी घातल्या:

[युनिट]
वॉन्ट्स=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट
आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट

[सर्व्हिस]
रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर
रीस्टार्टसेक=२०

नेटवर्क.टार्गेट आणि नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट यांत बरेच जण गल्लत करतात. पहिल्याचा अर्थ नेटवर्कची यंत्रणा चालू केली एवढाच, आयपी मिळाला की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दुसरा नेटवर्क खरोखर वर येईपर्यंत थांबतो. पण तोही डीएनएस उत्तर देतोय याची हमी देत नाही, म्हणून होस्ट्स फाईल हवीच. रीस्टार्टची ओळ तुमच्या मूळ सर्व्हिस फाईलमध्ये आधीच असेल तर ती नीट वाचा. ऑन-ॲबनॉर्मल असेल तर साधा एरर कोड देऊन बाहेर पडलेल्या प्रोसेसला सिस्टमडी परत उठवत नाही, आणि ग्लस्टरडी अशा वेळी तशीच बाहेर पडते.

एवढ्याने आमची निम्मी डोकेदुखी गेली.

फाईल आहे, पण पोटात काही नाही

आता ती हाताने न उठलेली संध्याकाळ. होस्ट्स फाईल नीट होती, पिंग जात होतं, तरी रंकाळा उठेना. या वेळी लॉगमधली पहिली ई वेगळीच, सोबत्यांची माहिती वाचता आली नाही असं सांगणारी. पन्हाळा आणि जोतिबा मात्र व्यवस्थित चालू.

/व्हार/लिब/ग्लस्टरडी मध्ये तीन गोष्टी महत्त्वाच्या. ग्लस्टरडी.इन्फो ही या मशीनची जन्मपत्रिका, तिच्यात मशीनचा यूयूआयडी (एकमेव ओळख क्रमांक) आणि ऑपरेटिंग-व्हर्जन. पीअर्स फोल्डरमध्ये प्रत्येक सोबत्याची एक फाईल. आणि व्हॉल्स फोल्डरमध्ये प्रत्येक व्हॉल्यूमचं दप्तर. मी पीअर्समध्ये एलएस -एल मारलं. दोन फाईली होत्या. एकीचा आकार पाऊणशे बाइटांच्या आसपास. दुसरीचा आकार ०.

नाव जागेवर, तारीख आजची, वेळ लाईट गेली तीच, आणि आत अक्षर नाही.

असं का होतं? प्रोग्रामने फाईल लिहिली म्हणजे ती डिस्कवर गेली असं नसतं. मजकूर आधी मेमरीत राहतो आणि थोड्या वेळाने डिस्कवर उतरतो. फाईलचं नाव नोंदलं गेलं आणि मजकूर उतरायच्या आत लाईट गेली, तर फाईल रिकाम्या पोटी राहते. एक्सएफएस या फाईलसिस्टमवर हे जुनं दुखणं आहे, ईएक्सटी४ वरही झालेलं आहे.

पण मला कोडं पडलं ते वेगळंच. सोबत्यांची माहिती काही रोज बदलत नाही, मग नेमकी लाईट जाण्याच्या क्षणी ग्लस्टरडी ती कशाला लिहीत होती? लॉगमधल्या वेळा कागदावर मांडल्यावर उलगडा झाला. लाईट पहिल्यांदा गेली तेव्हा काहीच बिघडलं नव्हतं. ती आली, मशीनं आपोआप चालू झाली, ग्लस्टरडी उठली, सोबत्यांशी हात मिळवले, ब्रिका चालू केल्या, त्यांचे पोर्ट नोंदवले. म्हणजे दिवसभरात ती जेवढं लिहीत नाही तेवढं या एका मिनिटात लिहिते. आणि त्याच मिनिटात लाईट दुसऱ्यांदा गेली. वळवात लाईट एकदा जात नाही, ये-जा करते. आमचं नुकसान त्या 'ये'मध्ये होत होतं.

अशा फाईली शोधायची कमांड:

फाइंड /व्हार/लिब/ग्लस्टरडी -टाइप एफ -साइज ०

यात जे दिसेल ते सगळंच बिघडलेलं असेल असं नाही. आमच्या धडधाकट नोडवरही (म्हणजे क्लस्टरमधल्या मशीनवरही) स्नॅप्स फोल्डरमधली मिस्ड-स्नॅप्स-लिस्ट ही फाईल रिकामीच असते. म्हणून हीच कमांड चांगल्या नोडवर मारून दोन्ही याद्या ताडून बघायच्या. काहीही करण्याआधी अख्ख्या फोल्डरची एक प्रत टार करून बाजूला ठेवायची. दोन मिनिटांचं काम आहे, आळस करू नका.

पीअर्समधली फाईल रिकामी असेल तर सुटका सोपी. तिचं नाव हाच त्या सोबत्याचा यूयूआयडी असतो, म्हणजे अर्धी माहिती नावातच शिल्लक आहे. रंकाळ्यावर पन्हाळ्याची फाईल रिकामी झाली होती. जोतिब्याच्या पीअर्समध्ये त्याच नावाची पन्हाळ्याची फाईल असणारच, ती आणून ठेवली. आत तीनच ओळी असतात: यूयूआयडी, स्टेट=३ (म्हणजे सोबती पूर्णपणे गोतावळ्यात आहे) आणि होस्टनेम१. होस्टनेमच्या जागी नाव आहे की आयपी ते डोळ्यांनी बघा. क्लस्टर उभारताना एका बाजूनेच प्रोब (सोबत्याला गोतावळ्यात घ्यायची कमांड) केलेलं असेल तर काही नोडवर नावाऐवजी आयपी बसलेला असतो. ग्लस्टरडी स्टार्ट केली आणि ती उठली.

ग्लस्टरडी.इन्फो रिकामी झाली तर जास्त सांभाळायचं. घाईत तिला पुसून स्टार्ट केलं तर मशीन स्वतःला नवा यूयूआयडी घेतं आणि बाकीचे दोघं म्हणतात, हा कोण, आम्ही ओळखत नाही. जुना यूयूआयडी सोबत्यांकडे लिहिलेला असतोच, त्यांच्या पीअर्स फोल्डरमध्ये. तो शोधून 'यूयूआयडी=' अशी ओळ आणि सोबत्याच्या ग्लस्टरडी.इन्फोमध्ये असेल तोच 'ऑपरेटिंग-व्हर्जन=' हाताने लिहायचा.

आणि व्हॉल्समधली इन्फो फाईल रिकामी झाली तर लॉगमध्ये व्हॉल्यूम रिस्टोअर करता आला नाही असं त्याच्या नावासकट येतं. इथे एकेक फाईल उचलून आणण्याचा नाद मी सोडला, कारण चेकसम (दोघांची दप्तरं सारखी आहेत का ते ताडायचा आकडा) जुळत नाही आणि मशीन 'पीअर रिजेक्टेड' होऊन बसतं. सरळ मार्ग असा: आजारी नोडवर ग्लस्टरडी थांबवायची, /व्हार/लिब/ग्लस्टरडी मधलं ग्लस्टरडी.इन्फो सोडून बाकी सगळं काढायचं (प्रत घेतलीय ना?), ग्लस्टरडी चालू करायची, तिथून एका चांगल्या सोबत्याला ग्लस्टर पीअर प्रोब करायचं, मग पुन्हा एकदा रीस्टार्ट. सोबती आपल्याकडची दप्तरं त्याला देतो. कधी एक रीस्टार्ट पुरत नाही, दोन-तीनदा करावं लागतं. हे ग्लस्टरवाल्यांच्या स्वतःच्या माहितीपत्रकातही लिहिलेलं आहे, तेव्हा अंधश्रद्धा समजू नका. या सगळ्यात ब्रिकला, म्हणजे खऱ्या डेटाला, कुठेही हात लागत नाही.

जाता जाता, रूट डिस्क भरली असेल तरी अशाच अर्धवट फाईली तयार होतात. डीएफ -एच (डिस्क किती भरलीय ते दाखवणारी कमांड) सगळ्यात आधी मारत जा. ग्लस्टरचे लॉगच कधीकधी एसएसडी भरून टाकतात.

ग्लस्टरडी उठली, ब्रिक झोपलेली

हा तिसरा प्रकार कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण ड्रॉइंग उघडत असतात. रेप्लिका-३ मध्ये तीनपैकी दोन ब्रिका जिवंत असल्या की लिहिणं-वाचणं सगळं चालतं. ग्लस्टर व्हॉल्यूम स्टेटस नकाशा मारलं तरच ऑनलाइनच्या रकान्यात एका ओळीसमोर वायऐवजी एन दिसतो. आमच्या जोतिब्यासमोर तो किती आठवडे होता देव जाणे. पुढच्या वळवात आणखी एक नोड पडला असता तर लिहिणं बंद झालं असतं.

कारण होतं एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूट होताना कुठली डिस्क कुठं माउंट करायची (जोडायची) ते सांगणाऱ्या फाईलमध्ये. डेटाची डिस्क मी /डेव्ह/एसडीबी१ अशा नावाने लिहिली होती. एका बूटला डिस्कांची नावं अदलाबदल झाली, माउंट झालं नाही. मीच शहाणपणाने नोफेल लिहून ठेवलेलं, त्यामुळे मशीन इमर्जन्सी मोडमध्ये न अडकता गुपचूप पुढे गेलं. ब्रिकचं फोल्डर त्या डिस्कवर, डिस्क माउंट नाही, म्हणजे फोल्डर नाही, म्हणजे ब्रिक चालू नाही.

आणि इथे मी रात्री साडेदहाला केलेला मूर्खपणा सांगतो. लॉग म्हणाला फोल्डर नाही, म्हणून मी एमकेडीआयआर करून फोल्डर बनवलं! ते बनलं रिकाम्या माउंट पॉइंटवर, म्हणजे १२० जीबीच्या एसएसडीवर. मग लॉग म्हणाला, या फोल्डरवर व्हॉल्यूम-आयडीचा शिक्का नाही. ग्लस्टर प्रत्येक ब्रिकच्या फोल्डरवर ट्रस्टेड.ग्लस्टरएफएस.व्हॉल्यूम-आयडी नावाचा एक्सटेंडेड ॲट्रिब्यूट ठेवतो. तो सेटएफॲटर कमांडने हाताने मारायचा उपाय मला सर्च केल्यावर पहिल्याच फटक्यात सापडला. टाइपही केला होता, एंटर दाबायचा बाकी. नशिबाने आधी डीएफ मारून बघितलं आणि घाम फुटला. तो शिक्का नेमका यासाठीच असतो, डिस्क माउंट नसताना चुकीच्या जागी कुणी दुकान मांडू नये म्हणून. एंटर दाबला असता तर ब्रिक एसएसडीवर चालू झाली असती, बाकीच्या दोघांनी आपला सगळा डेटा तिकडे हील करायला, म्हणजे कॉपी करून कमतरता भरून काढायला, घेतला असता, आणि रूट डिस्क भरून आधीच्या प्रकरणाला नव्याने सुरुवात झाली असती.

व्हॉल्यूम-आयडी नाही असा एरर आला तर आधी माउंट बघा. डिस्क खरोखर माउंट आहे आणि तरीही शिक्का नाही, असं असेल तरच सेटएफॲटरचा विचार.

एफएसटॅबमध्ये डिस्क यूयूआयडीने लिहिली (बीएलकेआयडी कमांड तो दाखवते), माउंट केली, मग ग्लस्टर व्हॉल्यूम स्टार्ट नकाशा फोर्स. 'फोर्स' शब्दाला घाबरू नका, चालू ब्रिकांना ती हात लावत नाही, फक्त झोपलेल्यांना उठवते. नंतर ग्लस्टर व्हॉल्यूम हील नकाशा इन्फो मारत राहायचं. जोतिबा एवढे दिवस मागे राहिलेला, यादी मोठी होती. शून्यावर यायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. तोवर कुठलंही मशीन रीस्टार्ट केलं नाही.

एक्सएफएसची डिस्क अवेळी बंद पडल्यावर माउंट होतानाच आपलं जर्नल वाचून स्वतःला सावरते. लगेच एक्सएफएस-रिपेअर चालवायची गरज नसते, आणि त्याचा -एल पर्याय म्हणजे जर्नल फेकून देणं. तो हातात घ्यायच्या आधी चार वेळा विचार करा.

लाईटचं काय केलं

तिन्ही मशीनच्या बायोसमध्ये, लाईट आल्यावर आपोआप चालू हो, अशी सेटिंग होती. मीच लावलेली, कौतुकाने. आता ती बंद आहे. लाईट आली तरी मशीनं पडून राहतात. राउटरवर रिले लावलेला एक छोटा बोर्ड आहे, लाईट सलग दहा मिनिटं टिकली की तो एकेका मशीनचं बटण दाबतो. ज्यांना हे जमत नाही त्यांनी माणसाने बटण दाबावं, दहा मिनिटं थांबून. काहीही बिघडत नाही.

यूपीएस होता, पण बॅटरी चार वर्षांची, दोन मिनिटंही तग धरत नव्हती. बॅटरी बदलली आणि यूएसबी केबल रंकाळ्याला जोडून नट, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स, बसवलं. रंकाळा यूपीएसशी बोलतो, बाकी दोघं रंकाळ्याचं ऐकतात. बॅटरी उतरत आली की तिघंही रीतसर बंद होतात.

किती उतरल्यावर बंद करायचं यावर मालकांशी थोडी हुज्जत झाली. त्यांचं म्हणणं, शेवटपर्यंत चालू दे, पाच मिनिटं कामं होतात तेवढीच. मी म्हटलं, "मालक, पंचगंगेचं बघता ना? राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा, ४३ ला धोका. आपण सामान कधी वर नेतो?" २०१९ चा आणि २०२१ चा पूर बघितलेल्या माणसाला पुढं काही सांगावं लागलं नाही. निम्मी बॅटरी राहिली की मशीनं बंद व्हायला लागतात, असं ठेवलंय.

नव्याने उभारणाऱ्यांसाठी एक गोष्ट मात्र सांगायला हवी. २०११ मध्ये रेड हॅटने ग्लस्टर कंपनी विकत घेतली होती, पण त्यांच्या ग्लस्टर स्टोरेजचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२४ ला संपला. मूळ ओपन सोर्स प्रोजेक्ट वेगळा आहे, पण आज पहिल्यापासून सुरुवात करायची असती तर मी इतर पर्यायही तपासले असते. चालू आहे ते मात्र मी मोडणार नाही.

मेन स्विच

हे सगळं झाल्यावर एका रविवारी ऑफिस रिकामं असताना यूपीएसची केबल काढून ठेवली, बायोसमधली जुनी सेटिंग तेवढ्यापुरती परत लावली आणि मेन स्विच पाडला. डेटाचा बॅकअप आदल्या रात्रीच बाहेरच्या डिस्कवर घेतला होता, हे मुद्दाम सांगतो. एक मिनिट थांबून चालू केला, मशीनं उठायला लागल्यावर परत पाडला, परत चालू. नकली वळीव. शेजारच्या वर्कशॉपचा फोरमन दारात येऊन बघत होता. "काय मर्दा, लाईट गेली काय?" मी म्हटलं, घालवतोय.

पहिल्या खेपेला पन्हाळा उठला नाही. होस्ट्स फाईलमध्ये मी जोतिबाचं स्पेलिंग चुकवलं होतं, एक अक्षर जास्त. दुसऱ्या खेपेला तिघंही उठले. तिसऱ्या खेपेला तिघंही उठले, स्टेटसमध्ये तिन्ही ब्रिकांसमोर वाय, फाइंडच्या यादीत ती एकच नेहमीची रिकामी फाईल, हील इन्फोत तिन्हीकडे शून्य. सेटिंग जागेवर लावली, यूपीएस जोडला.

मे महिन्यात खरा वळीव आला तेव्हा मी लक्ष्मीपुरीत होतो. मोबाईलवर रंकाळ्याचा मेसेज आला, बॅटरीवर गेलोय. पंधरा मिनिटांनी दुसरा, बंद होतोय. मी भिजत थांबलो नाही, मिसळ मागवली. परत आलो तेव्हा तिघं चालू होते आणि ऑफिसात एकच तक्रार होती, यूपीएस लई कोकलतोय. त्याच्या बझरवर कुणीतरी तोवर सेलोटेप चिकटवली होती. ती मी काढली.